दर तीन तासांनी पाच मिनिटं

माळीण गाडलं गेल्याची खबर एका एसटीच्या चालकाने आणली. ३० जुलै २०१४ ची सकाळ. आंबेगाव तालुक्यातल्या त्या डोंगरी रस्त्याने तो नेहमीची फेरी घेऊन गेला आणि जिथे गाव असायचं तिथे त्याला चिखल दिसला. त्याने परत फिरून सांगितलं, तेव्हा तालुक्याला कळलं. मग जिल्हा हलला, मग राज्य. दीडशेच्या वर माणसं त्या चिखलाखाली गेली. भीमाशंकरच्या बाजूला मी कॉलेजात असल्यापासून फिरतोय, त्यामुळे दरड का आली, उतारांची सपाटी कुणी केली, पाऊस किती पडला यावर तेव्हा झालेली सगळी चर्चा मी वाचून काढली. पण माझ्या डोक्यातून ती एसटी जात नव्हती. त्या दिवशी फेरीच रद्द झाली असती तर?

पुढे सात वर्षांनी, २२ जुलै २०२१ ला, महाड तालुक्यात तळियेवर डोंगर आला. खाली महाड शहर पुरात, रस्ते तुटलेले, वीज नाही, मोबाइल बंद. बाहेरची मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. तोवर जे वाचले होते त्यांनीच हाताने माती उपसली. ८० हून जास्त माणसं गेली. आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दबली. तिथे मात्र वाडीच्या शाळेत बसलेली काही पोरं वाचली आणि खबर त्याच रात्री खाली गेली. वाडीला रस्ता नव्हता, यंत्र वर नेता येत नव्हतं, पाऊस धरून होता, तरी माणसं अंधारात चढत राहिली. ती चढू शकली, कारण त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

बचावकार्याच्या गप्पा निघाल्या की दोर, स्ट्रेचर, हेलिकॉप्टर, प्रशिक्षण यांच्यावरच बोलणं जातं. ते सगळं हवंच. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांनी, खोपोलीच्या यशवंती हायकर्सनी, आणि महाराष्ट्रभरच्या गिर्यारोहकांना एका दूरध्वनी क्रमांकाशी बांधणाऱ्या समन्वय केंद्राने सह्याद्रीत जे उभं केलंय ते पाहिलं की ऊर भरून येतो. ही माणसं आपापली नोकरी-धंदा टाकून मध्यरात्री निघतात. पण त्यांचा फोन वाजायच्या आधीचे जे तास असतात, त्यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं. कुणीतरी नळीत, म्हणजे डोंगराच्या अरुंद घळीत, पडलाय, सोबती वर-खाली धावतोय, मोबाइल हवेत धरून रेंजची एक काडी शोधतोय. ते तास कसे कमी करायचे, हा माझ्या आवडीचा विषय आहे, आणि आता आवडीपेक्षा जरा जास्तच.

मी हॅम आहे, म्हणजे हौशी रेडिओचालक. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची परीक्षा दिली की परवाना आणि एक कॉलसाइन, म्हणजे रेडिओवर ओळख सांगायची अक्षर-आकड्यांची खूण, मिळते. १२ वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही ही परीक्षा देता येते. रिस्ट्रिक्टेड दर्जाला थोडी रेडिओची तत्त्वं आणि नियम. जनरल दर्जा हवा असेल तर वर मोर्सही, मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने. आपल्याकडच्या कॉलसाइन बहुतेक व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होतात. या परवान्यावर धंदा करता येत नाही, कुणाकडून पैसे घेता येत नाहीत. बहुतेक लोक यात शिरतात ते परदेशातल्या अनोळखी माणसाशी बोलायच्या नादाने. मीही तसाच शिरलो. डोंगर आणि रेडिओ हे माझे दोन वेगळे छंद होते, वेगवेगळ्या दिवशी जपलेले. माळीणनंतर ते एकत्र आले.

सह्याद्रीची गंमत अशी, की गडाच्या माथ्यावर मोबाइल छान चालतो. लोक कळसूबाईच्या शिखरावरून घरी व्हिडिओ कॉल करतात. आणि त्याच माणसाला सांधण दरीत उतरवा, किंवा हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेत घाला, की फोन निव्वळ घड्याळ होतो. अपघात मात्र माथ्यावर कमी आणि घळीत, धबधब्याच्या तळाशी, घाटवाटेच्या निसरड्या टप्प्यावर जास्त होतात.

याचं कारण सरळ भूमितीचं आहे. मोबाइल काय किंवा आमचा हातातला सेट काय, ज्या लहरींवर ते चालतात त्या विजेरीच्या झोतासारख्या जवळपास सरळ जातात. डोंगर आडवा आला की पलीकडे सावली. उंची असेल तर तोच झोत कुठल्या कुठे पोचतो. ढोबळ हिशेब असा: उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, चारने गुणा, तेवढे किलोमीटर रेडिओचं क्षितिज. कळसूबाई १६४६ मीटर, वर्गमूळ चाळीसच्या थोडं वर, म्हणजे क्षितिज १६० किलोमीटरच्या पुढे. सपाटीवर उभ्या माणसाचं हेच क्षितिज जेमतेम पाच किलोमीटर. पाच वॉटचा मुठीएवढा सेट घेऊन हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभं राहिलं की समोर सगळं ठाणं पडलेलं असतं आणि कल्याणमधला माणूस शेजारी बसल्यासारखा बोलतो. तिथून शंभर मीटर खाली, नळीच्या वळणात, त्याच सेटवर खरखरसुद्धा येत नाही.

मोबाइलला या भूमितीशिवाय आणखी एक अडचण आहे, आणि ती नेमकी संकटातच उघडी पडते. टॉवरला वीज लागते. वीज गेली की बॅटरी, बॅटरी उतरली की डिझेल, आणि रस्ता तुटला की डिझेल येत नाही. टॉवरचं बोलणं पुढे नेणारी फायबर रस्त्याच्या कडेलाच पुरलेली असते. कडा खचला की तीही जाते. म्हणजे ज्या पावसाने दरड येते तोच पाऊस निरोपाची वाटही बंद करतो. दोन हॅम समोरासमोर बोलतात तेव्हा मधे काहीच नसतं. एक सेट, एक अँटेना, एक बॅटरी, आणि दुसऱ्या टोकाला तसंच.

हे ऐकलं की लोकांना वाटतं, मग काय, प्रत्येक ग्रुपने एकेक सेट सॅकमध्ये टाकावा, झालं. ऑनलाइन तर मिळतातच. इथे मी थांबवतो. पहिली गोष्ट कायद्याची. परवान्याशिवाय हॅमच्या पट्ट्यांवर बोलता येत नाही, आणि स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याचशा वॉकी-टॉकी कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चालतात हे विकणाराही सांगत नाही. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीबद्दल ऑनलाइन बाजारपेठांना नोटिसा काढल्या, ते योग्यच झालं. ग्रुपमधल्या ग्रुपमध्ये, पुढच्याने मागच्याशी बोलण्यापुरतं हवं असेल तर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या छोट्या पट्टीवरचे कमी ताकदीचे सेट विनापरवाना वापरता येतात. जीव धोक्यात असताना हाताशी असेल त्या साधनाने मदत मागायला आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावली आडकाठी करत नाही, हे खरं. पण त्या भरवशावर सेट विकत घेणं म्हणजे पोहायला न शिकता लाइफजॅकेटची पावती जपून ठेवणं.

दुसरी गोष्ट कायद्याहून मोठी. तुम्ही नळीत पडलात, सेट हातात आहे, परवाना खिशात आहे, बॅटरी भरलेली आहे. तुम्ही बटण दाबून हाक मारलीत. ऐकतंय कोण?

डोंगरातल्या रेडिओबद्दल जेवढं लिहिलं-बोललं जातं त्यात हा प्रश्न फारच क्वचित येतो. मोबाइलने आपल्याला अशी सवय लावलीय की आपण बोललो म्हणजे पलीकडे वाजणारच. रेडिओत पलीकडे काही वाजत नाही. त्या क्षणी, त्या फ्रिक्वेन्सीवर, सेट चालू ठेवून कुणी कान लावून बसलं असेल तरच तुमची हाक ही हाक ठरते.

अमेरिकेतल्या हॅमनी यावर नव्वदच्या दशकात एक फार साधा तोडगा काढला. त्यांच्याकडची रानं आपल्यापेक्षा कितीतरी विस्तीर्ण. दोन-दोन दिवस माणूस भेटत नाही. त्यांनी ठरवलं की डोंगरात असलेल्या प्रत्येक हॅमने सकाळी ७ पासून दर तीन तासांनी, म्हणजे ७, १०, १, ४, ७ ला, पाच मिनिटं सेट चालू करून १४६.५२ मेगाहर्ट्झ ऐकायचं. काही बोलायचं नाही. नुसतं ऐकायचं. संकटात असलेल्यानेही बॅटरी वाचवून त्याच पाच मिनिटांत हाक मारायची. याला ते वाइल्डरनेस प्रोटोकॉल म्हणतात. यात नवं यंत्र नाही, पैसा नाही, सरकारी आदेश नाही. फक्त एक वेळ ठरवलीय आणि शेकडो अनोळखी माणसांनी ती मानलीय.

बॅटरीचा हिशेबही यात चोख बसतो. हातातला सेट बोलताना दीड अँपिअरच्या आसपास खेचतो. नुसता ऐकताना त्याच्या कैक पट कमी. दिवसभर चालू ठेवला तर दुसऱ्या दिवशी मरतो, पण दर तीन तासांनी पाचच मिनिटं लावला तर आठवडाभरही निभतो. आपल्याला हा तोडगा जसाच्या तसा उचलता येत नाही, कारण भारतात हातातले सेट चालतात ती दोन मीटरची पट्टी १४४ ते १४६ मेगाहर्ट्झपर्यंतच आहे आणि १४६.५२ तिच्या बाहेर पडतं. पण १४५.५०० वर आपल्याकडचे हॅम एकमेकांना हाक मारतातच. वेळा त्यांच्या घ्या, फ्रिक्वेन्सी आपली घ्या. आमच्या ओळखीतल्या काही जणांनी हे पाळायला सुरुवात केलीय. घरात असलो तरी, ऑफिसात असलो तरी शक्य तेवढ्या वेळा. बायको विचारते, पाच मिनिटं खिडकीशी उभं राहून काय ऐकतोस? बहुतेक वेळा काहीच नाही. काहीच नाही हेच चांगलं असतं.

मागच्या हिवाळ्यात आम्ही नळीच्या वाटेवर एक सराव केला. पायथ्याच्या बेलपाड्याच्या बाजूने चढणारा एक गट, त्यातला एक जण 'जखमी'. वळणाच्या वर, जिथून खाली दिसतही नाही आणि वर दिसतही नाही अशा जागी त्याला झोपवलं. कोकणकड्याच्या काठावर मी आणि आणखी एक जण, दुवा म्हणून. खाली बेलपाड्यात एक सेट. आणि कल्याणमध्ये, आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, रेल्वेतून निवृत्त झालेले आमचे एक काका. त्यांना गुडघ्यांमुळे डोंगर चढवत नाही. सरावाची जागा आणि वेळ त्यांना मुद्दामच सांगितली नव्हती. 'शनिवारी डोंगरात आहोत' एवढंच ठाऊक होतं.

जखमीसोबत आमच्यातली अकरावीतली एक मुलगी होती. नुकताच परवाना मिळालेली. सेटच्या रबरी अँटेनावर तिला काहीच मिळेना. तिने सॅकमधून गुंडाळी काढली: जुन्या दूरदर्शनच्या अँटेनाची चपटी, दोन तारांची वायर. आजोबांच्या गच्चीवर पडून होती ती. दीड मीटरच्या आसपास कापलेली, खालचं टोक जोडलेलं, एका बाजूला ठराविक जागी काप दिलेला आणि सेटकडे जाणारी कोअॅक्स केबल डकवलेली. आमच्यात याला स्लिमजिम म्हणतात. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत फिरलं तर कनेक्टरसकट सगळं सामान दोन-अडीचशे रुपयांत जमतं. तिने ती एका वाळक्या कारवीच्या काठीला सुतळीने बांधली आणि काठी दगडाच्या फटीत उभी खोचली. तरी फक्त खरखर. मग काठी उपटून उजवीकडे, जिथे समोरच्या कातळाची कड थोडी तुटलेली होती तिथे नेली. चार पावलंसुद्धा नसतील. आणि माझ्या सेटवर तिचा आवाज स्वच्छ उमटला.

रेडिओ डोंगरात असाच चालतो. ताकदीपेक्षा जागा महत्त्वाची. लहर कातळाच्या धारेवरून किंचित वाकते, समोरच्या भिंतीवर आपटून परत येते. दोन पावलांत अंधारातून उजेडात आल्यासारखा फरक पडतो. सेट चालत नाही म्हणून फेकून देण्याआधी चार दिशांना चार पावलं टाकून बघायची, अँटेना उभी धरायची, अंगाला चिकटवायची नाही. पुस्तकात एका ओळीत असतं हे. हाताने केल्याशिवाय अंगात येत नाही.

तिने निरोप दिला. 'पुरुष, वय तीस, उजवी मांडी मोडली आहे, शुद्धीवर आहे, रक्त थांबलं आहे. आम्ही चौघे. दोर हवा, सहा शून्य मीटर.' हे 'सहा शून्य' आम्ही मुद्दाम घोटून घेतलेलं. खरखरीत सात आणि साठ एकसारखे ऐकू येतात, आणि दोर सात मीटरचा आला की साठ मीटरचा, यावर माणसाचं वर येणं अवलंबून असतं. वाड्यांच्या नावांचंही तेच. आंबेवाडी म्हटलं तर कुठली? एकेका तालुक्यात दोन-दोन असतात. म्हणून आधी तालुका, मग गाव, मग वाडी, आणि जवळचा डोंगर किंवा घाट. जमलं तर जीपीएसचे आकडे, एकेक अंक सुटा. ऐकणाऱ्याने सगळं परत वाचून दाखवायचं, आणि सांगणाऱ्याने 'बरोबर' म्हटल्याशिवाय निरोप पोचला असं धरायचं नाही.

मी तो निरोप पुढे कल्याणला दिला. म्हणजे, देणार होतो. दुपारचा एक वाजून दोन मिनिटं झाली होती, बटणाला हात लावायच्या आत काकांचाच आवाज आला. 'जखमी शुद्धीवर आहे हे कळलं. त्याला पाणी कधी दिलं होतं ते विचार. आणि पायाची बोटं हलवतोय का?' खालच्या मुलीचा आवाज कुठल्या कुठल्या कड्यांवर आपटत त्यांच्यापर्यंत थेट पोचला होता, तुटक, अर्धा. उरलेला अर्धा त्यांनी कानांनी भरून काढला. त्यांच्या वहीत, नंतर बघितलं तेव्हा, वेळेसकट सगळं होतं: १३.०१, मग वाक्य, मग जिथे ऐकू आलं नाही तिथे टिंबं, मग माझ्या पुनरुच्चारानंतर वेगळ्या शाईने भरलेली टिंबं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं हा माणूस रेडिओ ऐकतोय. मोर्सच्या जमान्यापासून. आवाजाच्या तळाशी गेलेला शब्द ते ज्या शांतपणे उचलतात ते मला कधी जमेल असं वाटत नाही, पण कुणाला तरी जमलंय आणि तो माणूस एक वाजता सेटसमोर होता, याचं मोल मला त्या काठावर उभं असताना कळलं.

एवढ्याचसाठी मला पोर्ट ब्लेअरची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते. डिसेंबर २००४. हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अॅमॅच्युअर रेडिओच्या भारती प्रसाद आपल्या चमूसह अंदमानात होत्या. मदतकार्यासाठी नाही, निव्वळ छंदासाठी. अंदमान-निकोबारमधून हॅम रेडिओ चालवायची परवानगी कित्येक वर्षांत कुणाला मिळालेली नव्हती, त्यामुळे जगभरच्या हॅमच्या लेखी ती जागा दुर्मीळ होती. जो तो त्यांच्याशी दोन शब्द बोलून आपल्या वहीत नोंद करायला धडपडत होता. २६ तारखेच्या सकाळी भूकंप झाला, मागोमाग त्सुनामी आली. फोन गेले. आणि त्यांचं केंद्र बेटांवरून मुख्य भूमीशी बोलणाऱ्या मोजक्या दुव्यांपैकी एक झालं. पर्यटकांचे, सैनिकांच्या घरच्यांचे, शोधणाऱ्यांचे निरोप त्यांनी दिवसरात्र पोचवले. पुढे कार निकोबारलाही हॅम गेले.

या गोष्टीत सगळे त्यांच्या धैर्याबद्दल बोलतात, ते बोलावंच. मला त्यातलं दुसरं एक टोक दिसतं. त्या सकाळी त्यांनी हाक मारली तेव्हा ऐकणारे आधीपासूनच बसलेले होते. केवळ छंद म्हणून, एका नोंदीच्या हावेने, जगभरचे कान त्या आठवड्यांत अंदमानकडे लागलेले होते. आपत्तीसाठी म्हणून कुणी तशी यंत्रणा उभारायला गेलं असतं तर वर्षं लागली असती. १९९३ च्या किल्लारी भूकंपात आणि २००१ च्या भूजमध्ये हॅम धावले ते उशिरा पोचून, सेट लावून. तेही मोठं काम होतं. पण अंदमानात सेटही लागलेला होता आणि कानही.

खोल दरीत आणखी एक उपाय आहे, आणि तो मला व्यक्तिशः सर्वांत सुंदर वाटतो. हातातल्या सेटची लहर सरळ जाते म्हणून दरीत अडकते. पण ७ मेगाहर्ट्झची लहर वर आभाळात सोडली तर दिवसा ती आयनांच्या थराला लागून खाली येते, आणि तीन-चारशे किलोमीटरच्या वर्तुळात सगळीकडे पडते. मधले डोंगर तिला आडवे येतच नाहीत, कारण ती त्यांच्या डोक्यावरून उतरते. यासाठी अँटेना उंच नको, उलट बुटकीच हवी: २० मीटर तार, मधोमध कापलेली, दोन्ही बाजूंना दहा-दहा, कमरेपासून डोक्याच्या थोडं वर एवढ्या उंचीवर ताणलेली. दोन झाडं किंवा दोन ट्रेकिंगच्या काठ्या पुरतात. तळहातात मावणारा सेट यावर चालत नाही, किलोभर वजन वाढतं, शिवाय बॅटरी. तरी भीमाशंकरच्या पायथ्याच्या रानात, जिथे चहूबाजूंनी डोंगर आहे, तिथून पुणं, नाशिक, कोल्हापूर असं एकामागून एक उत्तर आलेलं ऐकलं की विश्वास बसत नाही. रात्री हा थर विरळ होतो आणि खाली ३.५ मेगाहर्ट्झकडे सरकावं लागतं. आपल्या या भागासाठी हॅमच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आपत्तीच्या वेळी एकत्र यायला ७.११० मेगाहर्ट्झ सुचवलेलं आहे. ते सेटच्या मेमरीत घालून ठेवावं.

लोक विचारतात, एवढा खटाटोप कशाला? उपग्रहाची छोटी यंत्रं मिळतात की. एक बटण दाबलं की जगात कुठूनही मदत. मिळतात, पण भारतात परवानगीशिवाय ती बाळगता येत नाहीत. थुराया आणि इरिडियमच्या फोनवर इथे बंदी आहे, आणि साधं निरोप पाठवणारं उपकरण सामानात सापडलं म्हणून २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी धावपटू बाईंना ताब्यात घेतलं गेलं होतं. नियमामागे सुरक्षेची कारणं आहेत, ती मला मान्य आहेत. पण त्याचा परिणाम हिमालयात दिसतो. २०२४ च्या जूनमध्ये उत्तरकाशीजवळ सहस्त्रतालच्या वाटेवर कर्नाटकातल्या गटातले ९ ट्रेकर हिमवादळात गेले. अडकल्याची खबर बाहेर यायची तर रेंज असलेल्या जागेपर्यंत कुणीतरी चालत जायला हवं होतं. महाराष्ट्रातून दर उन्हाळ्यात हजारो पोरं अशाच वाटांवर जातात. त्यांना नेणाऱ्या संस्थांनी निदान आपल्या वाटाड्यांपैकी एकाला परीक्षेला बसवावं, आणि सीमेलगतच्या भागात सेट नेण्याआधी तिथल्या प्रशासनाला रीतसर विचारावं, असं मला अगदी मनापासून वाटतं. उपग्रहाची सोय फोनमध्येच येईल तेव्हा येईल. त्या दिवशी मी सर्वांत आधी टाळ्या वाजवीन.

पण माझं खरं लक्ष हिमालयावर नाही, वाड्यांवर आहे. ट्रेकर निदान स्वतःच्या इच्छेने डोंगरात जातो. ठाकर, कातकरी, महादेव कोळी तिथेच राहतात, आणि दरड पावसाळ्यातल्या कुठल्याही रात्री त्यांच्यावरच येते. अशा वाडीत शहरातून कुणी हॅम जाऊन पोचेपर्यंत उशीरच झालेला असतो. सेट तिथेच हवा आणि चालवणाराही तिथलाच हवा: पोलीस पाटील, आशाताई, आश्रमशाळेतला एखादा शिक्षक, नाहीतर बारा-तेरा वर्षांची चलाख पोरं, ज्यांना कायदा आजही परवाना देतो. मी दोन आश्रमशाळांत जाऊन हे शिकवलंय. कारवीची काठी, चपटी वायर आणि सेट हातात दिला की पोरांना तत्त्व समजावावं लागत नाही. कुठल्या टेपाडावरून आवाज जातो हे त्यांना माझ्याआधी कळतं, कारण गुरांना हाका त्यांनी तिथूनच मारलेल्या असतात. अडतं ते पुढे. परीक्षेचं केंद्र लांब, फॉर्म ऑनलाइन, कागद शहरात. एका आशाताईंनी मला सरळ विचारलं, 'दादा, मी पास होईन, पण मी बोलले तर रात्री दोनला तिकडून ओ कोण देईल?'

त्यांना मी तेव्हा कल्याणच्या काकांचं नाव सांगितलं. रात्री दोनला ते झोपलेले असतात, हेही सांगितलं. म्हणून आता आम्ही अतिवृष्टीच्या इशाऱ्याच्या रात्रींपुरती पाळी लावायचं ठरवतोय: हवामान खात्याने रायगड, पुणे, ठाणे, सातारा यांपैकी कुठे लाल इशारा दिला की त्या रात्री दर तीन तासांनी कुणीतरी जागं. बारा, तीन, सहा. पुण्यातून चार जण तयार आहेत, नाशिकहून दोघं, कल्याण-बदलापूर पट्ट्यातून काका धरून तिघं. कोकणातून, विशेषतः महाड-पोलादपूरच्या बाजूने, अजून एकही नाही, आणि नेमके तिथेच डोंगर सर्वांत जास्त सावल्या पाडतात. कुठल्या वाडीतून कुठल्या गडावरचा सेट ऐकू येतो याचा नकाशाही आम्ही हातानेच करतोय, एकेक टेपाड चढून, पावसाळ्याआधी. आंबेगाव आणि जुन्नरचा बराचसा झालाय. मुरबाडचा चालू आहे. महाडच्या बाजूचा कागद कोरा आहे. तिकडे कुणाकडे परवाना असेल, किंवा काढायची तयारी असेल, तर सकाळी ७ ला १४५.५०० वर हाक मारा. मी रायरेश्वराच्या पठारावर दोन शनिवार सेट घेऊन बसणार आहे, तिथून खालचं कोकण ऐकू येतं का ते बघायला.